न्यूट्रल आहे, हे रिमोटला कुणी सांगायचं?

या वेळच्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीबद्दल आहेत : रिमोटनं इंजिन सुरू होणारा अलार्म. सांगली-मिरज रस्त्यावर मी २६ वर्षं गाड्यांच्या इलेक्ट्रिकचं काम करतोय. ऊन तापलं की 'बसायच्या आधी गाडी गार पाहिजे' म्हणत गिऱ्हाईक येतं, आणि पावसाळा लागला की त्यातलीच काही गाडी सेल्फ घेत नाही म्हणून परत येतात. म्हणून हा अंक सगळा याच विषयाला दिलाय. पहिलं उत्तर लांबलंय, पण ते तोडावंसं वाटलं नाही.

प्रश्न : माझी २०१६ ची मॅन्युअल गिअरची डिझेल गाडी आहे. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी मिरजेला न्यावं लागतं. परत निघताना तापलेल्या गाडीत बसलं की तिला भोवळ येते. एकजण दोन तासांत रिमोट स्टार्टचा अलार्म बसवून देतो म्हणतोय. बसवू का? (तासगाव)

आईसाठी विचारताय, म्हणून आधी माझ्याच हातून घडलेलं सांगतो. आठेक वर्षांपूर्वी हळदीच्या एका व्यापाऱ्यांच्या गाडीला मी असाच अलार्म बसवला. गाडी मॅन्युअल, डिझेल. त्या गाडीत क्लच दाबल्याशिवाय सेल्फ फिरत नव्हता, पेडलपाशी त्यासाठी स्विच होता. अलार्मच्या डब्याला क्लच दाबता येत नाही, म्हणून तो स्विच मी वायर जोडून बायपास केला. मालकांना बजावलं, गाडी लावताना न्यूट्रल करायला विसरू नका. ते विसरले नाहीत. त्यांचा मुलगा एका रात्री उशिरा बाहेरगावाहून आला, दारातल्या उतारावर नेहमीसारखा पहिला गिअर टाकून झोपायला गेला. सकाळी वडिलांनी गॅलरीतून बटण दाबलं. सेल्फ फिरला, गाडीनं उसळी घेतली आणि समोरचं लोखंडी गेट वाकवून थांबली. त्यांच्या सूनबाई मिनिटभर आधी त्याच गेटपाशी रांगोळी काढत होत्या, रंगाचा डबा आणायला आत गेल्या होत्या. मी पोचलो तेव्हा अर्ध्या रांगोळीवर टायर होता.

मुलाची काही चूक नव्हती. उतारावर गाडी गिअरमध्ये लावा, हे गाडी शिकवणारा प्रत्येकजण सांगतो आणि बरोबरच सांगतो. चूक माझी होती. कंपनीनं माणूस वाचवायला ठेवलेली सोय मी काढून टाकली आणि तिच्या जागी नुसती तोंडी सूचना ठेवली. तेव्हापासून मॅन्युअल गाडीला 'रेडी मोड' नसलेला डबा मी बसवत नाही, गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं तरी चालेल.

रेडी मोड म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण बसवणारा ते सांगेलच असं नाही. तुम्ही घरी आलात. इंजिन चालू आहे, गाडी न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला, क्लचवरून पाय काढला. मग रिमोटचं बटण दाबून किल्ली काढली तरी डबा इंजिन चालू ठेवतो. तुम्ही उतरता, सगळी दारं लावता, रिमोटनं लॉक करता, आणि तेव्हा इंजिन बंद होतं. आता डब्याची खात्री झाली : क्लचवर कुणाचा पाय नसताना, हँडब्रेक लागलेला असताना इंजिन चालू राहिलं, म्हणजे गाडी न्यूट्रलच होती. गिअरमध्ये असती तर तिथंच बंद पडली असती. त्यानंतर एक जरी दार उघडलं, तरी डबा ती खात्री रद्द धरतो आणि रिमोटनं इंजिन सुरू करत नाही. कारण दार उघडलं म्हणजे कुणीतरी आत बसून गिअर टाकला असू शकतो.

ही सगळी भिस्त दारांच्या स्विचवर आहे. ते स्विच धुळीनं, पाण्यानं खराब होतात, आणि द्राक्षबागेत फवारणीची औषधं घेऊन फिरणाऱ्या गाडीत तर लवकर. म्हणून गाडी ताब्यात घेताना हे स्वतः करून बघा. गाडी रेडी मोडला लावा, मग पुढचं डावं दार उघडून लावा आणि रिमोट दाबा. इंजिन सुरू होता कामा नये. परत रेडी मोड करा, मागचं दार उघडून बघा. असं पाचही दारांचं करा, डिकीसुद्धा. ही तपासणी करताना गाडी न्यूट्रलच ठेवायची, हँडब्रेक ओढलेला, समोर आणि मागे कुणी उभं नको. एका जरी दाराला इंजिन सुरू झालं, तर पैसे देऊ नका. काचा उघड्या ठेवून रेडी मोड कधीच करायचा नाही, आणि लहान मूल आत असताना तर नाहीच. दार न उघडताही मुलाचा हात गिअरपर्यंत पोचतो.

आता दोन तासांचं. डब्याला बॅटरीची कायम चालू वायर, इग्निशन, ॲक्सेसरी, सेल्फ आणि बॉडी अर्थ एवढ्या मोठ्या जोडण्या लागतात. शिवाय ब्रेक, हँडब्रेक, दारं, बॉनेट आणि इंजिनच्या फेऱ्यांची वायर. घाईत काम करणारा यातल्या दोन हमखास गाळतो. एक बॉनेटचा स्विच. बॉनेट उघडं असताना रिमोट दाबला जाऊ नये म्हणून तो असतो, नाहीतर पट्ट्याजवळ हात घातलेल्या मेकॅनिकची बोटं जातात. दुसरी फेऱ्यांची वायर. तिच्यावरून डब्याला कळतं की इंजिन लागलं, आता सेल्फ सोडायचा. ती नसली की डबा व्होल्टेजवरून अंदाज बांधतो, आणि अंदाज चुकला की चालू इंजिनावर सेल्फ फिरत राहतो. तो करकर आवाज ऐकून माझ्या अंगावर काटा येतो. डिझेल गाडीला सेटिंगमध्ये 'डिझेल' निवडायला सांगा, म्हणजे इग्निशन लागल्यावर, इंजिन आधी तापवणाऱ्या हीटर प्लगसाठी थोडं थांबून मगच सेल्फ लागतो.

वायरींचे जोड डाग देऊन (सोल्डर करून), वर उष्णतेनं आवळणारी नळी चढवून केलेले असावेत. नुसतं पीळ देऊन काळी टेप गुंडाळली असेल, तर उन्हाळ्यात टेपचा डिंक सुटतो आणि जोड उघडा पडतो. वायर शोधायला मीटर वापरतात का ते बघा. टेस्ट लॅम्प घेऊन स्टिअरिंगखाली टोचत बसणाऱ्याला तिथंच थांबवा. पिवळ्या कपलरच्या, म्हणजे जोडणीच्या प्लगच्या, वायरी एअरबॅगच्या असतात, टोचल्यानं ती फुटू शकते.

एवढं सगळं पाळून बसवायचं असेल तर बसवा. गाडी बंद करायच्या आधी एसीचं बटण चालू आणि ब्लोअर दोन-तीनवर ठेवावा लागतो, नाहीतर इंजिन सुरू होईल पण आत गार होणार नाही. पण तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं तेही सांगतो. आईला व्हीलचेअरवरून बाहेर आणायला पाच-दहा मिनिटं लागतातच. तेवढ्यात एकानं पुढं जाऊन चारही दारं मिनिटभर उघडी टाकायची. उन्हात लावलेल्या गाडीतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापलेली असते, ती आधी बाहेर गेली पाहिजे. मग इंजिन सुरू करून स्वतः स्टिअरिंगवर बसायचं, काचा थोड्या खाली ठेवून एसी पूर्ण लावायचा, आणि हवा गार यायला लागली की काचा वर. बंद काचांत कोंडलेली गरमी एसीला ढकलत बसण्यापेक्षा हे लवकर होतं. आईच्या सीटवर जाड पांढरा टॉवेल टाकून ठेवा, सीटचं रेक्झीन अंगाला चटका देतं. यात एकही वायर कापावी लागत नाही.

प्रश्न : आमचं घर रस्त्यालगत आहे. कारखाने सुरू झाले की रात्रभर उसाचे ट्रॅक्टर जातात आणि दर ट्रॉलीला अलार्म बोंबलतो. शेजारी बोलेनासे झालेत. (विश्रामबाग)

तुमचा शॉक सेन्सर एकतर फार नाजूक लावलाय, नाहीतर सैल लोंबतोय. बहुतेक अलार्ममध्ये हा सेन्सर वेगळा छोटा डबा असतो आणि त्यावर बारीक स्क्रू असतो. तो कमीकडे थोडा थोडा फिरवत जा. हलक्या धक्क्याला दोनदा चिवचिवणं आणि जोरदार धक्क्याला पूर्ण हूटर, असे दोन टप्पे असतात. सेन्सर डॅशबोर्डच्या आत वायरींच्या जाड जुडग्याला टायनं पक्का आवळलेला असावा. दुहेरी टेपनं पत्र्याला चिकटवला असेल तर पत्र्याची प्रत्येक थरथर त्याला कळते.

त्रास ट्रॉलीचाच आहे हे कसं ओळखायचं? एक रात्र सेन्सरचा कपलर काढून ठेवा. तरीही वाजला तर दाराचा स्विच बघा. आतला दिवा मध्येच मिणमिणत असेल तर तोच दोषी.

माणसांनी हूटरकडे लक्ष देणं सोडलं की अलार्म असून नसल्यासारखा होतो, त्यामुळं तुमच्या शेजाऱ्यांचा राग मला पटतो. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी भागात हॉर्न वाजवायलाही आवाजाच्या नियमांत मनाई आहे. सेन्सर नीट होईपर्यंत रात्री फक्त दारांचा अलार्म चालू ठेवा. दार उघडलं तरच वाजेल.

प्रश्न : गाडी मुलाची आहे, तो पुण्याला असतो. महिना-महिना शेडमध्ये उभी असते आणि अलार्म बसवल्यापासून बॅटरी उतरते. अलार्ममध्ये ठरावीक तासांनी इंजिन आपोआप सुरू करायची सोय आहे म्हणे. ती चालू करू का? शेड घराला लागून आहे, शटर बंद असतं. (पलूस)

नाही. हे उत्तर आधी देतो, बॅटरीचं नंतर.

बंद शटरच्या आत इंजिन चाललं की धुरातला कार्बन मोनॉक्साइड साठत जातो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातला प्राणवायू वाहून नेणारं जे हिमोग्लोबिन, त्यालाच तो चिकटतो, आणि माणसाला कळायच्या आत ग्लानी येते. शेड घराला लागून म्हणजे दाराच्या फटीतून, खिडकीतून तो झोपायच्या खोलीत जाणार. आपोआप सुरू होणारं इंजिन रात्री दोनलाही सुरू होईल. ती सोय सेटिंगमध्ये बंद आहे ना, हे आजच बघून घ्या, आणि रिमोट मुलांच्या खेळण्यात जाणार नाही असा उंचावर ठेवा. गाडी सीएनजीची असेल तर आणखी एक कारण. गॅस कुठं गळत असेल तर दार उघडल्यावर वासानं आपल्याला कळतं. रिमोट दाबताना तिथं वास घ्यायला कुणी नसतं. सीएनजी गाडीला रिमोट स्टार्ट मी कुणालाच सुचवत नाही.

आता बॅटरी. बंद गाडीनं ५० मिलिअँपिअरपर्यंत करंट घेतला तर मी ठीक धरतो. त्यात चांगला अलार्म २० च्या आसपास घेतो. ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. तुमची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असेल तर साधारण १४ दिवसांत ती निम्मी होते, आणि महिन्याभरात गेलीच. म्हणजे महिनाभर उभ्या गाडीत बॅटरी उतरणं हा अलार्मचा दोष असेलच असं नाही, तो साधा हिशोब आहे. पण चार दिवसांतच उतरत असेल तर कुठंतरी २०० मिलिअँपिअर जातायत, आणि ते शोधायलाच हवेत.

शोधायचं असं : इग्निशन बंद, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून मध्ये मीटर लावायचा, गाडी लॉक करून अर्धा तास थांबायचं. गाडीतले कॉम्प्युटर झोपी जायला तेवढा वेळ लागू शकतो, लगेच बघितलेला आकडा खोटा. मीटर लावलेला असताना चावी फिरवायची नाही, मीटरचा फ्यूज उडतो. आकडा जास्त असेल तर अलार्मचा फ्यूज काढा. खाली आला तर चोर सापडला.

तुमच्यासाठी सगळ्यात सोपं म्हणजे मुलगा पुण्याला गेला की निगेटिव्ह केबल काढून ठेवायची. दारं चावीनं लॉक करा. शेडला कुलूप आहेच.

प्रश्न : २०१९ आणि २०२१ च्या पुरात आमच्या गल्लीत पाणी आलं होतं. आता गाडीला रिमोट स्टार्ट आहे. पावसाळ्यात काही वेगळं करायचं का? (गावभाग, सांगली)

हो. आणि हे नदीकाठच्या सगळ्यांसाठी आहे.

२०१९ ला पाणी ओसरल्यावर माझ्याकडे टो करून आलेल्या गाड्यांत दोन गाड्या अशा होत्या, की ज्यांचं नुसतं पाणी आणि गाळ काढून, तेल बदलून निभावलं असतं. पण मालकानं 'चालू होते का बघू' म्हणून सेल्फ मारला. पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असलं की पिस्टन वर येताना ते दाबायला बघतो. हवा दबते, पाणी दबत नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग सगळं इंजिन उघडावं लागतं. चावीनं सेल्फ मारणारा माणूस निदान गाडीत बसलेला असतो, पायाखालची मॅट ओली आहे हे त्याला कळतं. रिमोट तिसऱ्या मजल्यावरून दाबता येतो.

सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी वाढत असल्याचं कानावर आलं की गाडी उंचावर हलवा. हलवणं शक्य नसेल तर निगेटिव्ह केबल काढा आणि रिमोट स्टार्टचा फ्यूज काढून घरात ठेवा. पाणी लागलेल्या गाडीचा फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, टो करून आणा. सुरू करून बघू नका. पाण्यात गेलेलं इंजिन सेल्फ मारून जाम झालं तर साध्या पॉलिसीत ते नुकसान सहसा मिळत नाही, त्यासाठी इंजिनचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. जूनच्या आधी पॉलिसी काढून ती ओळ वाचा.

अलार्मचा डबा पायाशी बसवलेला असेल तर तोही वर घ्यायला सांगा.

प्रश्न : जुनी गाडी घेतली, रिमोट स्टार्टसकट. मालकानं एकच चावी दिली. डॅशबोर्ड उघडला तर दुसऱ्या चावीची चिप आत टेपनं चिकटवलेली सापडली! हे काय आहे? (सातारा)

हा प्रकार मला वारंवार दिसतो आणि दर वेळी वाईट वाटतं. तुमच्या चावीच्या डोक्यात बिनसेलची बारीक चिप असते. इग्निशनच्या कुलपाभोवतीची कॉइल तिला रेडिओलहरींनी जागं करते, चिप आपला नंबर सांगते, तो जुळला तरच गाडीचा कॉम्प्युटर इंजिन चालू राहू देतो. रिमोट स्टार्टला कुलपात चावी नसते, म्हणून बसवणाऱ्यानं दुसऱ्या चावीची चिप कॉइलशेजारी कायमची चिकटवून टाकली. त्यामुळं आता कुणीही साध्या घासलेल्या चावीनं तुमची गाडी नेऊ शकतो. चोरी रोखायला अलार्म घेतला आणि कंपनीनं दिलेली सगळ्यात भक्कम सोय मात्र त्यानं निकामी करून टाकली.

ती चिप आधी काढा. रिमोट स्टार्ट ठेवायचाच असेल तर रिले असलेला बायपास डबा बसवा. त्यात चिप फक्त रिमोट दाबल्यावर, तेवढ्यापुरतीच वाचली जाते. त्यासाठी तिसरी चावी अधिकृत डीलरकडून करून घ्या आणि मूळ दोन्ही चाव्या तुमच्याजवळच ठेवा. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते. 'एक डॅशबोर्डमध्ये होती' हे उत्तर दिलं की क्लेम अडकला म्हणून समजा. आधीच्या मालकाकडे असलेले रिमोटही पुसून टाका. सगळे रिमोट काढून आपले नव्यानं जोडायची पद्धत डब्याच्या पुस्तकात असते.

विम्यात सवलत मिळते का, असंही तुम्ही विचारलंय. पुण्याच्या एआरएआय या वाहन तपासणाऱ्या संस्थेनं मान्य केलेलं चोरीरोधक उपकरण असेल आणि ते बसवल्याचं ऑटोमोबाइल असोसिएशनचं प्रमाणपत्र असेल, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये. सवलतीसाठी म्हणून घेऊ नका.

प्रश्न : माझी गाडी ऑटोमॅटिक आहे, रिमोट स्टार्ट कंपनीचाच आहे. बँकेसमोर रस्त्यावर लावून, आतून निघताना सुरू केली तर चालेल ना? (विटा)

गाडी 'पी'मध्ये, म्हणजे पार्किंगवर, असल्याशिवाय ती सुरू होणार नाही, त्यामुळं उसळी मारायची भीती नाही. पण मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२६ बघा. सार्वजनिक जागी गाडी उभी असेल तर एकतर ड्रायव्हरच्या सीटवर लायसन्सवाला माणूस हवा, नाहीतर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा. घराच्या अंगणात, उघड्यावर जरूर वापरा. रस्त्यावर नको.

प्रश्न : माझ्या अलार्मचा रिमोट आता गाडीला टेकवल्याशिवाय चालत नाही. नवा घ्यावा लागेल का? (मिरज)

आधी सेल बदला. मागचं झाकण उघडून सेलवर काय लिहिलंय ते वाचा. चपटा असेल तर बहुधा ३ व्होल्टचा सीआर २०३२, करंगळीच्या पेरापेक्षा बारीक, लांबट असेल तर १२ व्होल्टचा २३ए किंवा २७ए. हे दोन दिसायला सारखेच, पण २७ए जरा बारीक असतो आणि २३ए च्या जागी सैल बसतो, म्हणून जुना सेल दुकानात बरोबर न्या. तरीही नाही चालला तर विंडशील्डवर चिकटवलेली अँटेना बघा. काचेवर नवी सनफिल्म बसवताना तिची वायर पुष्कळदा ओढली जाते.